वीरगळ आणि वेठ : बोरघाटाच्या स्मृतीतील कथन आणि मौन

१

मावळातील गावांत ग्रामदेवतेच्या देवळाजवळ, पारावर, ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधात पडून राहिलेले वीरगळ गेल्या काही दशकांत नव्याने लोकांच्या नजरेस येऊ लागले आहेत. गडकोटांची भटकंती करणारे तरुण, स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक आणि क्वचित ग्रामस्थ स्वतःच या शिळा मातीतून मोकळ्या करतात, धुतात आणि चौथऱ्यावर ओळीने मांडतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा-आवृत्तीत बातमी छापून येते. कपडे धुण्याची शिळा म्हणून वापरात असलेला दगड एका दिवसात गावाच्या अभिमानाचा विषय होतो. या खटाटोपाचे स्वागतच केले पाहिजे. शासकीय यंत्रणेला जे जमले नाही ते या मंडळींनी बऱ्याच प्रमाणात साधले आहे.

परंतु पुनःशोध ही निरपेक्ष क्रिया नसते. काय सापडले या प्रश्नाच्या पोटात काय शोधले जात होते हा प्रश्न दडलेला असतो. मावळातल्या वीरगळाला आज अनेकदा 'मावळ्याचे स्मारक' अशी ओळख दिली जाते. वीरगळ उभारण्याची प्रथा शिवकालाच्या कित्येक शतके आधीपासून, शिलाहार-यादवांच्या काळातही, या प्रदेशात रूढ होती, ही गोष्ट त्या ओळखीत लोपते. काळाची ही सरमिसळ अज्ञानातून होते असे म्हणून तिची बोळवण करता येणार नाही. स्मृतीला एक तयार साचा हवा असतो आणि जुना दगड त्या साच्यात बसवला जातो, एवढाच तिचा अर्थ. हा साचा लढणाऱ्या पुरुषाचा आहे.

प्रस्तुत लेखात या साच्याचा विचार करायचा आहे, आणि तो करताना ज्यांना त्यात जागा मिळाली नाही त्यांच्याकडे पाहायचे आहे. मावळ हा घाटवाटांचा प्रदेश आहे. बोरघाटातून व्यापार आला, फौजा आल्या, तोफा आल्या आणि शेवटी लोहमार्ग आला. यांतली एकही गोष्ट स्वतःच्या पायांनी घाट चढलेली नाही. तिला कोणी तरी वाहून, ओढून, ढकलून वर नेले. त्यांपैकी पुष्कळांनी हे काम स्वेच्छेने केलेले नाही. वेठ, बेगार, बिगारी हे शब्द मराठीत इतके खोल मुरले आहेत की 'वेठीस धरणे' हा वाक्प्रचार उच्चारताना त्यामागच्या माणसाची आठवणही आपल्याला होत नाही. शब्द टिकला आणि माणूस विसरला गेला, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारी आहे.

२

वीरगळाकडे संहिता म्हणून पाहिले तर त्याला स्वतःचे व्याकरण असल्याचे दिसते. ही संहिता खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत बहुधा धारातीर्थी पडलेला वीर असतो. कधी त्याच्याजवळ गाई दाखवलेल्या असतात, म्हणजे गोधनाच्या रक्षणासाठी तो पडला असे समजायचे. त्यावरच्या चौकटीत युद्ध असते. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर कलश आणि ही कीर्ती कुठवर टिकायची ते सांगणारे चंद्रसूर्य. स्थळपरत्वे चौकटींची संख्या व तपशील बदलतात. मात्र मरण, संग्राम, आरोहण आणि सायुज्य हा क्रम सहसा मोडत नाही.

या रचनेतली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कर्नाटकातील पुष्कळ वीरगळांवर लेख आहेत; महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर ते नाहीत. म्हणजे ज्याच्यासाठी हा दगड उभा राहिला त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते. त्यामुळे 'वीराला नाव मिळाले आणि मजूर अनाम राहिला' हे सुलभ विधान येथे टिकत नाही. वीरही अनामच आहे. फरक असलाच तर तो कथनाचा आहे. वीराच्या मरणाला आधी आणि नंतर आहे. ते मरण एका क्रमात बसवले गेले आहे आणि त्या क्रमाला वरची दिशा आहे. नाव नसले तरी कथा आहे, म्हणून पाहणारा त्या दगडापुढे थांबतो.

याच शिल्पपरंपरेत श्रम करणारा माणूस कसा येतो, हे पाहण्यासाठी क्षणभर घाट उतरून कोकणपट्टीत जावे लागते. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील शिलाहारकालीन मानले जाणारे वीरगळ नौकायुद्धाच्या चित्रणामुळे प्रसिद्ध आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातील समुद्री संग्रामाशी त्यांचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. या शिळांवर नौकांच्या कडेने वल्ह्यांची रांग कोरलेली आहे. शिल्पीच्या दृष्टीने ही वल्ही म्हणजे एका लयीत पुनरावृत्त होणारी तिरपी रेषा आहे. युद्ध चालते ते त्या रेषेच्या जोरावर, पण आरोहण होते ते तिच्यावर उभ्या असलेल्याचे. वल्हे मारणारा बुडाला तर त्याला न्यायला अप्सरा येत नाहीत. श्रम या शिल्पात अदृश्य आहेत असे म्हणता येणार नाही. ते नक्षीच्या पातळीवर दृश्य आहेत.

श्रमाला नाव देण्याची रीत या प्रदेशाला अगदीच अपरिचित होती असेही नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील ब्राह्मी लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटचे यवन यांच्या बरोबरीने धेनुकाकटच्याच सामी नावाच्या सुताराचा, वेणुवासाच्या पुत्राचा, उल्लेख येतो; प्रवेशद्वाराचे काम त्याने केले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराचे नाव याच डोंगरात दगडावर कोरले गेले. मात्र ते नाव कौशल्याचे आहे. सामीच्या हाताला दुसऱ्या कोणाच्या हाताहून वेगळे असे काही येत होते. ज्याच्याकडे खांद्याखेरीज दुसरे काही नव्हते, त्याचे नाव कार्ल्यालाही नाही. कौशल्याची नोंद होऊ शकते, भाराची होत नाही, हा भेद पुढेही आपल्याला भेटणार आहे.

३

वीरगळाची प्रथा मागे पडली तरी तिचे व्याकरण मावळात जिवंत राहिले, याचा एक चमत्कारिक पुरावा वडगाव मावळ येथे आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघाली. नोव्हेंबर १७७८ मध्ये कॅप्टन जेम्स स्ट्युअर्टने आघाडीच्या तुकडीनिशी घाटमाथा ताब्यात घेतला आणि मागाहून मुख्य फौज वर आली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्ट्युअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. पुढे फौज तळेगावपर्यंत गेली, तेथून मागे फिरली, जड तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या, आणि वडगावला मराठ्यांनी तिला चहूकडून कोंडून तह मान्य करायला लावले. या पराभूत फौजेतला स्ट्युअर्ट मराठी स्मृतीत 'इष्टुर फाकडा' झाला. फाकडा ही पदवी मराठी सैन्यात मानाजी शिंद्यासारख्या धाडसी माणसाला लावली जात असे. ती शत्रूच्या सरदाराला मिळाली. त्याची म्हणून दाखवली जाणारी समाधी वडगावात आहे आणि स्थानिक लोकांनी तिला मान दिलेला आहे.

या घटनेत मराठी मनाचे औदार्य पाहण्याची प्रथा आहे आणि ते चुकीचे नाही. आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते हे की, वीरगळाच्या चौकटी येथे परकीय माणसाला, परधर्मीयाला आणि शत्रूलाही सामावून घेतात. लढला, पडला, पूज्य झाला. या व्याकरणाला जात, धर्म आणि पक्ष यांची अट आड येत नाही. एकच अट आहे, ती म्हणजे माणूस लढताना मेलेला असावा.

आता त्याच फौजेचे दुसरे अंग पाहू. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात (१८२६) दिलेल्या आकड्यांनुसार लढाऊ माणसे सुमारे ३,९०० होती आणि त्यांच्यासोबत १९,००० हून अधिक बैल होते. घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतचे जेमतेम आठ मैलांचे अंतर कापायला या लवाजम्याला अकरा दिवस लागले. युद्धाच्या इतिहासात हा मंदपणा पराभवाचे कारण म्हणून सांगितला जातो. परंतु अकरा दिवसांतले आठ मैल हे कोणाच्या तरी देहावरून गेलेले मैल आहेत. एका लढवय्यामागे जवळजवळ पाच बैल होते आणि बैल आपोआप चालत नाहीत. त्यांना हाकणारे, तोफांची चाके चढावर रेटणारे, रसद आणि सामान वाहणारे लोक किती होते? बैलांची गणती आहे, पण तिच्याशेजारी या माणसांचा आकडा नाही. त्या काळच्या फौजा, मग त्या कोणाच्याही असोत, वाटेवरच्या गावांतून माणसे आणि जनावरे धरून कामाला लावीत. फौज येणार असे कळताच गाव ओस पडे, त्याला लुटीइतकेच हे भयही कारण असे.

४

वेठ ही अर्थातच इंग्रजांनी आणलेली नव्हे. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची या किल्ल्यांच्या भोवतालच्या गावांवर गवत, लाकूडफाटा आणि भारवाहतूक यांची जबाबदारी असे. गडाच्या इतिहासात किल्लेदार असतो, वेढा असतो, फितुरी असते. गडावर रोज चढणारा भार त्यात नसतो. दस्तऐवजांत मात्र वेठ वारंवार भेटते आणि ती भेटते ती मोठ्या सूचक रूपात. इनामपत्रांत आणि वतनपत्रांत 'कुलबाब कुलकानू' अशा ठरावीक शब्दांनी करांची व हक्कांची जी यादी दिलेली असते, तिच्यात वेठबेगार माफ केल्याचा उल्लेख येतो. म्हणजे राज्याच्या लेखनव्यवहारात वेठीला शब्द मिळतो तो मुख्यतः ती माफ होते तेव्हा. इनामदाराच्या गावावरून ती उठवली की तिची नोंद होते. शेजारच्या गावाकडून ती नेहमीप्रमाणे घेतली जाते तेव्हा नोंदीची गरज पडत नाही. नित्याचे जे आहे ते लिहिले जात नाही, अपवाद तेवढा लिहिला जातो. या लेखनाचे वाचन करताना अपवादांच्या यादीकडे आरशासारखे पाहावे लागते. त्यात उलटे दिसणारे चित्र हेच गावगाड्याचे खरे चित्र असते.

गावगाड्यात वेठीचा सर्वांत मोठा वाटा महारांच्या माथी आला. सरकारी सामान वाहणे, अंमलदाराच्या दिमतीला राहणे, सांगावा पोचवणे ही कामे वतनाच्या नावाखाली त्यांच्यावर लादली गेली आणि ती इंग्रजी अमलातही चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. ही वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदात माणसांच्या क्रयविक्रयाबरोबर बेगारीलाही मनाई झाली होती. विशेष हे की, इंग्रजी संहितेतही 'बेगार' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवण्यात आला. ज्या शब्दाला पूर्वी माफीच्या यादीत जागा होती त्याला आता निषेधाच्या कलमात जागा मिळाली. मात्र दोन्ही ठिकाणी तो संज्ञा म्हणूनच येतो. त्या शब्दाची गोष्ट अजून व्हायची आहे.

५

बोरघाटातल्या लोहमार्गाचे बांधकाम ही या प्रदेशातील श्रमाची सर्वांत मोठी आणि सर्वांत अधिक नोंदली गेलेली घटना होय. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्घाटन झाले. पंधरा मैलांहून थोडा अधिक लांबीचा चढ, १,८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, असे त्याचे वर्णन केले जाते. जेम्स बर्कले हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता होता. पहिला कंत्राटदार फॅविएल याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. येथवर प्रत्येकाला नाव आहे. १८६१ साली कामावरच्या मजुरांची संख्या ४२,००० वर गेली होती. येथे नावे संपतात आणि आकडा सुरू होतो. त्या संख्येत स्त्रिया आणि मुलेही होती. पटकी आणि तापाच्या साथींनी हजारोंचा बळी घेतला.

हे मजूर कायद्याच्या अर्थाने वेठबिगार नव्हते. त्यांना मजुरी मिळायची होती. हा भेद पुसून टाकणे अभ्यासाच्या दृष्टीने घातक ठरेल. परंतु तो भेद कितपत खोल होता हेही तपासले पाहिजे. मजुरी मुकादमाच्या आणि उपकंत्राटदाराच्या हातांतून झिरपत खाली येई, आणि ती थकत असे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटातले मजूर युरोपीय देखरेखदारांवर उठले. या दंग्याची चौकशी झाली. त्याच वर्षी, आरंभी इलाख्यांच्या राजधान्यांपुरता असलेला, १३ वा कायदा आला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला व मजुराला त्याने फौजदारी गुन्हेगार ठरवले. १८६० च्या ९ व्या कायद्याने रेल्वे, कालवे इत्यादी कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा झटपट निवाडा करण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला दिला आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराच्या शिक्षेचीही सोय केली. ज्याला काम सोडता येत नाही आणि ज्याचा दाम वेळेवर मिळत नाही, त्याला आपण कोणत्या शब्दाने ओळखावे? 'वेठ' आणि 'मजुरी' या दोन शब्दांमधली रेषा कागदावर ठळक आहे. घाटात ती पुसट होती.

येथे दोन स्मृतिप्रकारांमधला विरोध स्पष्ट होतो. वीरगळावर संख्या नाही, नाव नाही, कथा आहे. रेल्वेच्या दप्तरात संख्या आहे, तारखा आहेत, साथींचे अहवाल आहेत. मजुराची कथा नाही. इतिहासकार इयन केर यांनी भारतीय रेल्वेच्या बांधकामावरील आपल्या ग्रंथात (१९९५) या दप्तरांतून मजुरांचे जीवन पुन्हा उभे करण्याचा मोलाचा प्रयत्न केला. तरीही आपल्याकडे या घाटाविषयी जे लोकप्रिय लेखन होते ते बहुधा 'अभियांत्रिकीचा चमत्कार' या शब्दांपाशी येऊन थांबते. चमत्कार म्हटले की करणारा देव होतो आणि राबणारा दिसेनासा होतो.

६

मग बोरघाटातल्या मरणांची लोकस्मृती अजिबात झाली नाही काय? झाली, पण ती शिल्पात किंवा दप्तरात न होता एका देवस्थानाच्या रूपाने झाली. खंडाळ्याच्या घाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. येणारे-जाणारे वाहनचालक तेथे हात जोडतात, नाणे टाकतात. कथा अशी की, घाटातून मार्ग कुठून काढावा हे इंग्रज अभियंत्यांना सुचेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून तो दाखवला. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि इंग्रजांनी त्याला गोळी घातली. पुढे त्याचा देव झाला.

या कथेची ऐतिहासिक सत्यासत्यता हा येथे आपला प्रश्न नाही. तिची रचना काय सांगते हे पाहायचे आहे. एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी संपादित केलेल्या स्मृतिशिलांवरील ग्रंथाने (१९८२) आणि सोन्थायमर यांच्या धनगरी दैवतांच्या अभ्यासाने वीर ते देव हा प्रवास आपल्या परिचयाचा केला आहे. शिंगरोबाची कथा त्याच वाटेने जाते. ज्ञान, मागणी, घात आणि देवत्व अशा चार चौकटींचा हा शब्दांतला वीरगळच आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी कार्ले-भाजे परिसरातील लेणी, मातृदेवतांची ठाणी आणि प्राचीन वाटा यांचा एकत्र विचार करण्याची जी दृष्टी दिली ती येथे उपयोगी पडते. दैवत कुठे बसले आहे हे त्याच्या कथेइतकेच बोलके असते. शिंगरोबा गावात नाही, रानात नाही. तो वाटेवर आहे. त्याचे भक्त एखाद्या जातीचे वा कुळाचे नाहीत, ते वाटसरू आहेत. ज्या रस्त्याने त्यांचा जीव सुखरूप जातो त्या रस्त्याचे काही देणे आपल्याकडे आहे, ही जाणीव त्या नाण्यात असावी.

पण या कथेने काय जपले आणि काय बदलले? पहिली गोष्ट, हजारोंची मरणे तिने एका माणसात एकवटली. लोककथेचा तो स्वभावच आहे आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. शिंगरोबा मजूर नाही, तो वाटाड्या आहे. त्याच्याजवळ इतरांजवळ नसलेले ज्ञान आहे. कार्ल्याच्या सामीला जे कौशल्याने मिळाले ते शिंगरोबाला ज्ञानाने मिळाले. दगड फोडणाऱ्याला, माती वाहणाऱ्याला, सुरुंग उडवणाऱ्याला कथेने पुन्हा बाहेरच ठेवले. तिसरी गोष्ट मागणीची. कथेचा मर्मबिंदू मागणी हाच आहे : देशी माणसाने काही मागितले आणि उत्तरादाखल त्याला हिंसा मिळाली. १८५९ साली घाटात खरोखरच एक मागणी केली गेली होती आणि ती थकलेल्या मजुरीची होती. कथेतली मागणी स्वातंत्र्याची आहे. दंग्यातून कथा जन्मली असा दावा करण्याचे कारण नाही. दोहोंतले रचनासाम्य आणि त्यातला फरक एवढेच दाखवायचे आहे. राष्ट्रीय स्वातंत्र्याच्या कथनात बसण्यासाठी मागणीला उदात्त व्हावे लागले. पोटाची मागणी वीरगळाच्या व्याकरणात बसत नाही, देशाची मागणी बसते. रोजच्या दामासाठी उठलेला माणूस सरकारी कागदांत दंगेखोर झाला आणि लोककथेत त्याला प्रवेशच मिळाला नाही.

७

या विवेचनातून 'मजुरांचेही स्मारक उभारा' असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. त्याला विरोध असण्याचे कारण नाही, पण स्मारकाच्या भाषेतला धोका ओळखला पाहिजे. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर देवीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमिकांचे प्रसिद्ध शिल्प १९५९ साली उभे राहिले. प्रचंड खडक रेटणारे चार पुरुष त्यात आहेत. शिल्प प्रभावी आहे यात शंका नाही. मात्र ते श्रमिकाला मान देते ते त्याचा वीर करून. ताणलेले स्नायू, विजयाकडे झुकलेले देह. पटकीने मेलेली बाई किंवा टोपली उचलणारे मूल या रचनेत कसे यावे? श्रमाला वीरगळाच्या चौकटीत बसवले की श्रमातला कंटाळा, आजार, थकलेला दाम आणि सक्ती हा अप्रतिष्ठित भाग गळून पडतो; आणि वेठीचे सत्य तर नेमके त्या भागात आहे.

दुसरी शक्यता याच डोंगरांत आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागातील स्त्रियांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्यांचे संकलन हाती घेतले. पुढे ते महाराष्ट्रभर पसरून एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोचले. ओवीत श्रम आणि शब्द एकाच वेळी घडतात. जाते फिरते तोवर ओवी चालते. तिच्यात वर जाण्याची दिशा नाही, शेवटची चौकट नाही, चंद्रसूर्यांची ग्वाही नाही. पण जे वीरगळाला आणि दप्तराला साधले नाही ते तिला साधते : राबणारी व्यक्ती तिच्यात स्वतः बोलते. मराठी समीक्षेने ओवीकडे दीर्घकाळ भावकवितेचे आद्य रूप म्हणून पाहिले. तिच्याकडे श्रमाच्या स्मृतीचा एक आकृतिबंध म्हणून पाहिले तर वीरगळाच्या शेजारी एक अगदी निराळे प्रतिमान उभे करता येते. अर्थात दळण हे घरातले काम आहे आणि घाटातली मजुरी घराबाहेरची. एकीवरून दुसरीचे सरळ अनुमान करता येणार नाही. एवढे मात्र म्हणता येते की, श्रमाची स्मृती वीरकथेच्या उसन्या चौकटीशिवाय उभी राहू शकते, याचा पुरावा ओवीत मिळतो.

वीरगळांचा पुनःशोध चालूच राहील आणि राहावा. चौथऱ्यावर मांडलेल्या शिळांपुढे फलक लावताना मात्र काही गोष्टी करता येतील. दगड ज्या काळाचा असेल त्या काळाचा म्हणून सांगावा. तळाच्या चौकटीतल्या गाईंकडे, वल्ह्यांकडे, वीराच्या आजूबाजूच्या लहान आकृतींकडे बोट दाखवावे. प्रमाणातला हा लहानपणा हा शिल्पाच्या अर्थाचाच भाग आहे, हे विद्यार्थ्यांना शिकवावे. लोणावळ्या-खंडाळ्याच्या वाटेवर लोहमार्गाचा गौरव करताना १८६३ च्या समारंभासोबत जानेवारी १८५९ सांगावा. बोरघाटातला मजूर सरकारी कागदांत जवळजवळ सर्वत्र कर्म आहे : आणला गेला, मोजला गेला, पुरला गेला. त्या एका महिन्यात तो वाक्याचा कर्ता झाला होता. त्याने आपले थकलेले पैसे मागितले. ही मागणी जशीच्या तशी, तिला उदात्त न करता, सांगता येईल अशी कथनाची रीत शोधणे हे इतिहासकाराइतकेच मराठी लेखकाचे आणि समीक्षकाचेही काम आहे.